चमच्याला नकार देणाऱ्या मुलाचा आहार

नऊ-दहा महिन्यांचे एखादे मूल चमचा जवळ येताच ओठ घट्ट मिटून घेते, मान फिरवते, आणि तरीही चमचा पुढे आलाच तर हाताने तो उडवून लावते. कालपरवापर्यंत हेच मूल नाचणीची पेज किंवा मऊ खिचडी मिटक्या मारीत खात असे. घरात मग धावपळ सुरू होते. कोणी खुळखुळा वाजवतो, कोणी मोबाइलचा पडदा डोळ्यांसमोर धरतो, आणि काही घरांत मुलाला पायांवर आडवे घेऊन, त्याचे हात धरून, बोंडल्याने किंवा वाटीने पेज तोंडात ओतली जाते. एवढे करूनही अर्धी वाटी पोटात जात नाही. जेवणाची वेळ ही मुलाला व आईला सारखीच नकोशी होऊन बसते.

हा अनुभव केरळपासून काश्मीरपर्यंत सर्वत्र येतो. त्यावरचा एक सोपा आणि जुना उपाय प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात आहे, व तो म्हणजे मुलाच्या हातात धरता येईल असे अन्न त्याच्यापुढे ठेवणे. परंतु हे अन्न कोणते असावे, ते कसे शिजवावे, कोणते पदार्थ मुळीच देऊ नयेत, आणि हाताने खाणाऱ्या मुलाचे पोषण अपुरे राहू नये म्हणून काय करावे, हे समजून घेतल्याखेरीज हा उपाय सुरक्षित ठरत नाही. या प्रकरणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

नकाराचा अर्थ

चमच्याला दिलेला नकार हा बहुतेक वेळा अन्नाला दिलेला नकार नसतो. या वयात मुलाला आपल्या हातांचा नुकताच शोध लागलेला असतो. वस्तू धरणे, आपटणे, तोंडात घालणे हाच त्याचा दिवसभराचा उद्योग असतो. अशा वेळी दुसऱ्याच्या हातातून, दुसऱ्याच्या वेगाने येणारा घास त्याला नकोसा वाटला तर नवल नाही. दात येत असताना हिरड्या दुखतात, त्या वेळीही कडक चमचा सहन होत नाही. कित्येकदा मुलाचे पोट भरलेले असते आणि ते सांगण्याचा मान फिरवणे हा एकच मार्ग त्याच्यापाशी असतो.

याखेरीज आणखी एक कारण आहे, व ते आईवडिलांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्मवेळच्या सुमारे तिप्पट होते. तीन किलो वजनाचे अर्भक वर्षभरात नऊ किलोंच्या आसपास पोहोचते. दुसऱ्या वर्षात मात्र ही वाढ मंदावते व वर्षभरात साधारण दोन ते अडीच किलोंचीच भर पडते. वाढीचा वेग कमी झाला की त्या मानाने भूकही कमी होते. घरातील माणसांना वाटते, मूल खाईनासे झाले. वस्तुतः मूल आपल्या गरजेपुरते खात असते.

हात, जीभ आणि जबडा

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने मुलाला केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर स्तनपान चालू ठेवून पूरक आहार, म्हणजे आपल्या बोलीतील वरचे अन्न, सुरू करावे. आपल्याकडे महाराष्ट्रात उष्टावण, बंगालमध्ये मुखे भात आणि केरळात चोरूणू या नावांनी होणारा संस्कार सर्वसाधारणपणे याच सुमारास केला जातो.

सहा महिन्यांचे मूल वस्तू संपूर्ण मुठीत धरते. त्यामुळे त्याला बोटाएवढा लांब तुकडा लागतो. त्याचा निम्मा भाग मुठीत राहतो व निम्मा बाहेर डोकावतो. सुमारे नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमू लागते आणि मूल मटाराएवढे मऊ कणही उचलू शकते. तोंडाच्या आतही असाच बदल घडत असतो. प्रारंभी जबडा केवळ वरखाली हलतो. पुढे जीभ घास दोन्ही बाजूंना सरकवू लागते आणि चर्वणाची फिरती हालचाल हळूहळू येते. दात नसले तरी हिरड्यांनी मऊ अन्न चांगले कुस्करले जाते. म्हणून दातांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. बहुतेक मुले आठव्या महिन्याच्या सुमारास हाताने खाण्याजोगे पदार्थ खाऊ शकतात, आणि वर्षाची झाल्यावर घरातील सर्वांसाठी शिजलेले अन्न थोडे मऊ करून खाऊ शकतात.

मूल आधाराखेरीज किंवा थोड्या आधाराने ताठ बसते, मान सावरते आणि समोरची वस्तू उचलून तोंडाकडे नेते, या तीन गोष्टी जमत असल्या तरच हातात अन्न द्यावे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. आपल्याकडे डाव्या हाताने खाणे अशुभ मानले जाते आणि इवल्या मुलाचाही डावा हात मागे ओढला जातो. या वयात मूल दोन्ही हात वापरते. उजवा की डावा हे अद्याप ठरलेले नसते. खाणे शिकणाऱ्या मुलाचा एक हात काढून घेतला तर त्याचे निम्मे शिक्षण थांबते. दोन्ही हात स्वच्छ धुवावेत आणि दोन्ही मोकळे सोडावेत.

क्लारा डेव्हिस यांचा प्रयोग

मुलाच्या हातात निवड सोपवली तर ते भलतेसलते खाऊन आजारी पडेल, अशी भीती अनेकांना वाटते. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील क्लारा डेव्हिस या वैद्यक तज्ज्ञ स्त्रीने याच प्रश्नाचा शोध घेण्यासाठी एक प्रयोग सुरू केला. नुकतेच वरचे अन्न खाऊ लागलेल्या मुलांपुढे साध्या, एकेकट्या शिजवलेल्या किंवा कच्च्या पदार्थांच्या वाट्या ठेवल्या जात. पदार्थांच्या यादीत मांस, अंडी, धान्ये, भाज्या, फळे, दूध असे एकूण ३४ जिन्नस होते. साखर नव्हती आणि डब्यातील अन्नही नव्हते. परिचारिकेने काहीही सुचवावयाचे नाही, आग्रह करावयाचा नाही, मूल ज्या वाटीकडे हात करील त्यातीलच घास द्यावयाचा, असा दंडक होता. मुले वाटेल तेव्हा बोटांनी खात.

१९३९ मध्ये डेव्हिस यांनी १५ मुलांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष मांडला. प्रत्येक मुलाची आवड निराळी होती. एखादे मूल एका दिवशी एकाच पदार्थावर तुटून पडे व दुसऱ्या दिवशी त्याकडे ढुंकूनही पाहत नसे. तरीही सर्व मुले सुदृढ झाली. मात्र या प्रयोगावरून लोक चुकीचा बोध घेतील हे ओळखून डेव्हिस यांनीच बजावले होते की खरे मर्म यादीत आहे. पुढे ठेवलेले सर्वच पदार्थ पौष्टिक होते, म्हणून मुलाची निवड चुकणे शक्य नव्हते. मुलापुढे काय ठेवावे हे मोठ्यांनी ठरवावे, आणि त्यातले किती खावे हे मुलाने, अशी कामाची ही वाटणी आहे.

घास कसा असावा

हाताने खावयाच्या अन्नाची पहिली कसोटी मऊपणाची आहे. तुकडा आपल्या अंगठ्यात व तर्जनीत धरून हलकेच दाबावा. तो सहज कुस्करला गेला तर तो मुलाच्या हिरड्यांमध्येही कुस्करला जाईल. त्याच वेळी तो इतका पिचपिचीत नसावा की मुठीतून निसटून जावा. पिकलेल्या पपईच्या किंवा आंब्याच्या फोडी अशा निसटतात. त्यांच्यावर थोडे नाचणीचे भाजलेले पीठ किंवा शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट चोळले म्हणजे त्या धरता येतात.

दुसरी कसोटी पोषणाची. जेमतेम आठ किलो वजनाच्या मुलाच्या जठरात एका वेळी साधारण पाव लिटरच अन्न मावते. आईचे दूध पीत असलेल्या मुलाला वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांच्या वयात दिवसाला सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि दुसऱ्या वर्षात ५५० उष्मांक मिळावे लागतात. चमच्याने पातळ पेज भरवली तर पोट पाण्याने भरते. त्याच जागी मूठभर घट्ट खिचडीचा, तूप घातलेला मुटका अधिक कामाचा. एका लहान चमचाभर तुपात सुमारे ४५ उष्मांक असतात, हे लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट म्हणजे पहिल्या वर्षात मुलाच्या अन्नात वरून मीठ व साखर घालू नये, आणि साखर तर दोन वर्षांपर्यंत दूरच ठेवावी. मध नैसर्गिक असला तरी वर्षाच्या आतील मुलाला तो मुळीच चाटवू नये. त्यात असू शकणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे अर्भकांना स्नायू लुळे करणारा गंभीर आजार होतो. तो अर्भकांत १९७६ मध्ये प्रथम ओळखला गेला.

भारतीय स्वयंपाकघरातील पदार्थ

मुलासाठी बाजारातून वेगळे काही आणण्याची गरज नाही. भारताच्या प्रत्येक प्रदेशात वाफवलेले, मऊ आणि हातात धरता येतील असे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत.

दक्षिणेकडील इडली हे त्याचे उत्तम उदाहरण. तांदूळ आणि उडीद एकत्र आल्याने तिच्यातील प्रथिने अधिक पूर्ण होतात व आंबल्यामुळे ती पचावयास हलकी होते. इडलीच्या बोटभर पट्ट्या कापून त्यांना तूप लावून द्यावे. ती कोरडी झाली की घशात बसते, म्हणून ताजी व ओलसरच द्यावी. केरळात नेंद्रन जातीचे पिकलेले केळे सालीसकट वाफवून, मधला काळा भाग काढून मुलांना देतात. हे केळे वाफवल्यावरही घट्ट राहते व मुठीत नीट बसते.

गुजरातमधील दुधीचे वाफवलेले मुठिये, तेल-तिखटाची फोडणी न देता, मुलाच्या हातासाठीच केले आहेत असे वाटावे. महाराष्ट्रात धिरडी, आंबोळी आणि घावन आहेत. मुलासाठी धिरडे करावयाचे झाल्यास एक वाटी मुगाची डाळ चार तास भिजवून वाटावी, तीत पाव वाटी किसलेला लाल भोपळा व थोडी बारीक चिरलेली कोथिंबीर मिसळून, मंद आचेवर तुपावर जाडसर व मऊ धिरडी घालावीत. कडा कुरकुरीत होऊ देऊ नयेत. झाल्यास त्या कापून टाकाव्यात व उरलेल्या भागाच्या पट्ट्या द्याव्यात. नाचणीचे पीठ व कुस्करलेले केळे एकत्र करूनही अशीच धिरडी होतात. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच गाईच्या दुधाच्या दुपटीपेक्षा अधिक.

पंजाब, हरियाणा या भागांत घरी केलेल्या ताज्या पनीरचे लांबट तुकडे देता येतात. बिहारमध्ये सातू हे गरिबांचे पौष्टिक अन्न आहे. मात्र सातूचे कोरडे पीठ मुलाच्या तोंडात कधीही घालू नये. ते श्वासाबरोबर आत ओढले जाते. मऊ पोळीत भरून किंवा कुस्करलेल्या रताळ्यात मळून त्याच्या चपट्या टिकिया कराव्यात. बंगाल, ओडिशा, आसाम व किनारपट्टीवरील प्रदेशांत मासा मुबलक असतो. कमी काट्यांच्या माशाचा वाफवलेला तुकडा बोटांनी चाचपून, प्रत्येक काटा काढून, भातात मिसळून त्याचे मुटके करावेत.

अंडे खाणाऱ्या घरांत पूर्ण शिजलेल्या अंड्याचे चार उभे भाग किंवा ऑम्लेटच्या पट्ट्या हा सर्वांत सोयीचा पदार्थ. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. अंडे किंवा शेंगदाण्याचे कूट उशिरा सुरू केल्याने अधिहर्षता, म्हणजे अॅलर्जी टळते, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या संशोधनात, शेंगदाण्याचे पदार्थ लवकर सुरू केलेल्या मुलांत त्याची अॅलर्जी पुष्कळच कमी आढळली. मात्र ज्या मुलाला तीव्र इसब किंवा पूर्वीची अॅलर्जी आहे त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच हे पदार्थ सुरू करावेत.

भाज्यांमध्ये गाजर, लाल भोपळा, बीट, रताळे, फरसबी हे सर्व वाफवून बोटाएवढ्या लांबीचे करून द्यावे. वरणासारखा पातळ पदार्थ हाताने खाता येत नाही ही अडचण खरी, पण पोळीची मऊ पट्टी घट्ट वरणात बुडवून मुलाच्या हाती दिली की वरणही पोटात जाते. घट्ट दही मूल बोटे चाटून खाते. पाणी लहान पेल्याने पाजावे.

लोहाचा प्रश्न

हाताने खाणाऱ्या मुलाला फळे, भात आणि पोळी यांची चटकन गोडी लागते. त्यांत एका पोषकद्रव्याची उणीव राहून जाते, व ते म्हणजे लोह. जन्माच्या वेळी शरीरात साठलेले लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येते, आणि आईच्या दुधात ते फार थोडे असते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. याच पाहणीनुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ११ टक्केच होते. म्हणजे दर दहा मुलांमागे जेमतेम एका मुलाला वयाला साजेसे अन्न मिळते. रक्तक्षयाने मूल केवळ फिकट दिसते असे नाही. त्याची भूक मंदावते, शिकण्याची शक्ती उणावते, आणि भूक मंदावल्याने ते पुन्हा चमच्याला नकार देते. हे दुष्टचक्र आहे.

म्हणून प्रत्येक जेवणात लोहयुक्त असा एक तरी पदार्थ असावा. मांसाहारी घरांत खिम्याच्या मऊ टिकिया व मासे हे उत्तम, कारण त्यांतील लोह अधिक शोषले जाते. शाकाहारी घरांत डाळी, कुस्करलेले राजमा-चणे, बाजरी व अळीव असलेले मऊ पदार्थ द्यावेत आणि त्याच वेळी लिंबू पिळलेले वरण, पेरूचा बिया काढलेला मऊ गर, संत्र्याच्या साल-बी काढलेल्या फोडी असे क जीवनसत्त्वाचे काही द्यावे. त्यामुळे धान्यातील लोह शरीरात शिरण्यास मदत होते. मुलाला चहा पाजण्याची चाल अनेक घरांत आहे. चहा लोहाचे शोषण रोखतो, म्हणून ती बंद करावी. वर्षानंतर दिवसभर दुधाच्या बाटल्या देत राहिल्यानेही मुलाची भूक मरते व लोह मिळत नाही.

२०१८ पासून चालू असलेल्या अॅनिमियामुक्त भारत या कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फॉलिक आम्लाचे औषध देण्याची तरतूद आहे. हाताने खाणे सुरू झाले म्हणून ते बंद करू नये.

घशात अडकण्याचा धोका

या विषयातील सर्वांत गंभीर भाग हाच आहे. हाताने खावयास शिकणारे मूल अधूनमधून उबळ आल्यासारखे करते. त्याचा चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येते, ते खोकते आणि घास बाहेर ढकलते. अर्भकांमध्ये ही संरक्षक प्रतिक्रिया जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागातून सुरू होते. म्हणून ती वारंवार दिसते. अशा वेळी मूल आवाज करीत असेल तर शांतपणे त्याच्याजवळ बसून राहावे. तोंडात बोट घालून घास काढू पाहू नये, त्याने तो आणखी आत जातो.

खरा गुदमरा निःशब्द असतो. मूल रडू शकत नाही, खोकू शकत नाही, ओठ निळसर पडू लागतात. अशा वेळी वर्षाच्या आतील मुलाला आपल्या हातावर पालथे, डोके छातीहून खाली येईल असे धरून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरकस थापा माराव्यात. घास न सुटल्यास मुलाला उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब द्यावेत, आणि घास सुटेपर्यंत हे आळीपाळीने करावे. वर्षावरील मुलाला थापांनंतर छातीऐवजी बेंबीच्या वर, पोटावर आत व वर असे दाब देतात. दुसऱ्या कोणी तत्काळ ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. मूल बेशुद्ध पडल्यास छातीवर दाब देणे व तोंडाने श्वास देणे सुरू करावे. ही कृती वाचून समजते, पण हाताला सराव हवा. आरोग्य केंद्रात ती एकदा करून पाहावी.

धोका टाळण्याचा मार्ग मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. अख्खे शेंगदाणे, काजू-बदाम, फुटाणे, लाह्या, शेव, चिक्की, खडीसाखर, गोळ्या, ओल्या-सुक्या खोबऱ्याचे तुकडे, कच्चे गाजर व कच्च्या सफरचंदाच्या फोडी लहान मुलाला देऊ नयेत. अख्खे दाणे व कडक गोळ्या तर चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत वर्ज्य समजाव्यात. द्राक्षे उभी चिरून चार भाग करून द्यावीत. बोर, लिची, सीताफळ, जांभूळ यांतील प्रत्येक बी काढावी. आपल्याकडे अपघात बहुधा जेवणात होत नाही. देवळातून आलेला फुटाण्यांचा प्रसाद, पाहुण्याने प्रेमाने हाती दिलेली गोळी, मोठ्या भावंडाने भरवलेला शेंगदाणा अशा निमित्तांनी तो होतो. म्हणून हा नियम घरातील प्रत्येकाला माहीत असला पाहिजे.

न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, योग्य माहिती मिळालेल्या घरांतील हाताने खाणारी मुले चमच्याने खाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक गुदमरली नाहीत असे आढळले. परंतु दोन्ही गटांतील कित्येक मुलांना धोक्याचे पदार्थ दिले जात होते, हेही त्याच अभ्यासात दिसून आले. म्हणजे धोका हाताने खाण्यात नसून पदार्थाच्या निवडीत आणि दुर्लक्षात आहे.

जेवणाची बैठक

मूल ताठ बसलेले असावे. रांगताना, धावताना, झोपून किंवा हलत्या वाहनात त्याला खावयास देऊ नये. पायांवर आडवे घेऊन तोंडात अन्न ओतणे तर सर्वथा बंद करावे. त्यात अन्न श्वासनलिकेत शिरण्याची भीती असते. खाताना मोठे माणूस समोर बसलेले असलेच पाहिजे. आई शेतावर किंवा कामावर जाते व मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली असते, अशी असंख्य घरे आहेत. तेथे हाताने खाण्याचे जेवण आईने सकाळ-संध्याकाळ आपल्या समोर द्यावे, आणि मधल्या वेळेसाठी पिकलेल्या केळ्यासारखा कुस्करून देता येणारा पदार्थ ठेवावा.

एका वेळी दोन-तीनच तुकडे पुढे ठेवावेत. ताट भरलेले पाहून मूल खेळू लागते. नवीन पदार्थ पहिल्या दिवशी थुंकला म्हणून तो सोडून देऊ नये. आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, आग्रह न करता पुढे आल्यावर मूल तो चाखते. अर्ध्या तासात जेवण आटोपावे आणि उरलेले अन्न उचलावे. सांडलवंड होणारच. खाली जुने धुतलेले वस्त्र अंथरावे व त्याकडे कानाडोळा करावा. चमचा घरातून हद्दपार करण्याचे कारण नाही. तो मुलाच्या हातात द्यावा, त्याचा एक आणि आपला एक. साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान ते त्याने घास उचलण्याचा प्रयत्न करू लागते.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

दर महिन्याला अंगणवाडीत मुलाचे वजन करून त्याच्या वाढीच्या तक्त्यावर नोंद करून घ्यावी. रेषा वर चढत असेल तर एखाद्या दिवसाच्या उपाशीपणाने घाबरून जाऊ नये. रेषा आडवी झाली किंवा उतरू लागली, मूल प्रत्येक घासाला खोकत असेल, खाताना श्वास घरघरत असेल, नऊ-दहा महिन्यांचे होऊनही बसत नसेल, किंवा चमचा आणि हात या दोन्ही मार्गांनी सर्वच अन्न नाकारत असेल, तर तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. हा हट्ट नसून आजार असू शकतो.

चिऊकाऊचे घास भरवण्यातील माया कोणी नाकारीत नाही. परंतु तो घास घेण्याचा किंवा न घेण्याचा निर्णय मुलाचा आहे, हे मान्य केले की घरातील एक मोठे भांडण मिटते. आईने अन्न निवडावे, ते मऊ शिजवावे, बिया आणि काटे काढावेत, हात धुवून मुलाला समोर बसवावे. एवढे केल्यावर पुढचे काम त्या दोन लहान हातांवर सोपवावयास हरकत नाही.